जिल्ह्याची योजना आणि योजनांचा जिल्हा : पुणे जिल्ह्याच्या नियोजनाची समीक्षा

१

मराठीत 'योजना' हा शब्द दोन भिन्न अर्थांनी रूढ झाला आहे. 'पंचवार्षिक योजना' म्हणताना आपल्यापुढे एक सुसंगत विचार असतो : उद्दिष्टे कोणती, साधने किती, आणि एकाच साधनावर अनेकांनी हक्क सांगितल्यास अग्रक्रम कोणास द्यावयाचा, या प्रश्नांचे परस्परांशी मेळ असलेले उत्तर. उलट 'पाणीपुरवठा योजना' किंवा 'घरकुल योजना' म्हणताना विशिष्ट खात्याने विशिष्ट निधीतून करावयाचे एखादे काम अभिप्रेत असते. पहिल्या अर्थाची योजना एक असते. दुसऱ्या अर्थाच्या योजना शेकडो असू शकतात. या शेकडो योजनांची बेरीज केली म्हणजे पहिल्या अर्थाची योजना आपोआप सिद्ध होते, असा समज आपल्या जिल्हा-नियोजनाच्या मुळाशी आहे. हा समज चुकीचा आहे, आणि पुणे जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर तो महागात पडला आहे, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

जिल्हा हा नियोजनाचा घटक मानण्याच्या बाबतीत महाराष्ट्र इतर राज्यांच्या मागे नव्हता. १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने विकासगट हा लोकशाही विकेंद्रीकरणाचा मुख्य घटक मानला होता. महाराष्ट्राने वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार जिल्हा हा घटक निवडला. १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम संमत होऊन १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. विकासगट इतका लहान, की रस्ते, बाजारपेठा, पाटबंधारे यांचा साकल्याने विचार तेथे होऊ शकत नाही; आणि राज्य इतके मोठे, की गावाची नेमकी स्थिती तेथून दिसत नाही, ही त्यामागील भूमिका होती. पुण्यातील विद्वानांचाही या विचारात वाटा आहे. १९३० साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी आधी पाहणी व मग योजना हा क्रम येथे रुजविला. पुणे शहराची त्यांनी केलेली सामाजिक-आर्थिक पाहणी आणि पुढे जिल्हा विकास-नियोजनासंबंधी त्यांनी केलेले लेखन एकाच धाग्यात वाचले पाहिजे. १९६९ साली नियोजन आयोगाने जिल्हा योजनेसंबंधी राज्यांना मार्गदर्शक सूत्रे दिली, तेव्हा गाडगीळ हेच आयोगाचे उपाध्यक्ष होते.

यानंतर मात्र एक विसंगती उत्पन्न झाली. विकासाची कामे करणारी संस्था जिल्हा परिषद. परंतु सत्तरीच्या दशकात जिल्हा-नियोजनाची यंत्रणा उभी राहिली ती जिल्हाधिकाऱ्याच्या कार्यालयात. ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) जिल्हा नियोजन समितीस घटनात्मक स्थान दिले, आणि महाराष्ट्राने १९९८ साली त्यासाठी अधिनियम केला. समितीचे अध्यक्ष पालकमंत्री व सदस्य-सचिव जिल्हाधिकारी. सदस्यांपैकी किमान चार पंचमांश हे जिल्हा परिषद व नगरपालिकांतील निर्वाचित सदस्यांनी आपल्यामधून निवडून द्यावयाचे, ही घटनेची अट आहे. पुण्यातील महानगरपालिका व जिल्हा परिषद यांची मुदत २०२२ च्या मार्च महिन्यात संपली आणि त्यानंतर दीर्घकाळ त्यांचा कारभार प्रशासकांकडे होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या अटीचे प्रत्यक्षात काय झाले हे निराळे सांगावयास नको. मतदारसंघच नसेल तर प्रतिनिधी कोठून येणार ?

२

तथापि, केवळ रचनेवर टीका करून भागणार नाही. निवडून आलेली समिती असतानाही तिच्यापुढे काय येत होते, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे. घटनेच्या २४३-झेडडी या अनुच्छेदाने समितीने लक्षात घ्यावयाच्या बाबी स्पष्टपणे नमूद केल्या आहेत. पंचायती व नगरपालिका यांच्या समान हिताचे विषय हे त्यांचे सूत्र असून त्यांत अवकाशीय नियोजन, पाणी व इतर नैसर्गिक साधनसंपत्ती यांची वाटणी, पायाभूत सोयींचा एकात्मिक विकास आणि पर्यावरणाचे रक्षण यांचा समावेश होतो. यातील 'पाण्याची वाटणी' या शब्दांकडे वाचकांचे विशेष लक्ष वेधावयाचे आहे. कारण पुणे जिल्ह्याच्या योजनेची कसोटी घ्यावयाची असल्यास याहून योग्य कसोटी सापडणार नाही.

जिल्ह्याची भूरचना पाहावी. १५,६४३ चौरस किलोमीटर क्षेत्राच्या या जिल्ह्यात पश्चिमेकडील सह्याद्रीच्या माथ्यावर वर्षाकाठी काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेस दौंड, इंदापूर, बारामतीच्या पर्जन्यछायेत तो ५०० मिलिमीटरच्या आसपास येतो. या दोहोंच्या मध्ये पुणे व पिंपरी-चिंचवड ही दोन महानगरे आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ९४,२९,४०८ होती व तीपैकी सुमारे ६१ टक्के नागरी होती. म्हणजे पाऊस एकीकडे, माणसे दुसरीकडे आणि शेतीची गरज तिसरीकडे अशी ही स्थिती आहे. या तिघांना जोडणारा दुवा म्हणजे धरणे व कालवे.

खडकवासला प्रकल्पाचे उदाहरण घेऊ. टेमघर, वरसगाव, पानशेत व खडकवासला या चार धरणांची एकूण साठवण सुमारे २९ अब्ज घनफूट आहे. हे पाणी मुळशी व वेल्हे (आता राजगड) तालुक्यांच्या खोऱ्यांत अडविले जाते. त्यातून पुणे शहराची तहान भागते. आणि उरलेले पाणी नव्या मुठा उजव्या कालव्याने हवेली, दौंड व इंदापूर तालुक्यांकडे सुमारे २०० किलोमीटरपर्यंत जाते. शहर वाढते तसा 'उरलेले' या शब्दाचा अर्थ आकुंचित होतो. उन्हाळी आवर्तन मिळेल की नाही, मिळाल्यास कालव्याच्या अखेरीस, ज्यास शेतकरी 'टेल' म्हणतात तेथवर, ते पोचेल की नाही, यावर इंदापूरच्या गावांची पिके अवलंबून असतात. हा निर्णय कोठे होतो ? तो होतो कालवा सल्लागार समितीत, त्या त्या हंगामापुरता. वादाचे प्रसंग राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणापुढे जातात. जिल्हा वार्षिक योजनेत मात्र या वाटणीविषयी विचार नसतो. तेथे सर्वसाधारण योजना, अनुसूचित जाती घटकासाठीची योजना आणि आदिवासी घटकासाठीची योजना असे निधीचे कप्पे असतात, व प्रत्येक कप्प्यात खातेनिहाय कामे असतात. दोन्ही समित्यांच्या अध्यक्षस्थानी एकच पालकमंत्री असतात; परंतु एका बैठकीतील निर्णयाचा दुसऱ्या बैठकीतील विचाराशी संबंध जोडला जात नाही.

जो वाद योजनेच्या टेबलावर येत नाही, तो अन्यत्र उभा राहतो. पवना धरणाचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला नेण्याची योजना हाती घेण्यात आली, तेव्हा मावळातील शेतकऱ्यांचा तीस विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बऊर येथे आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला व तीन जण मृत्युमुखी पडले. या घटनेचे राजकीय अंग येथे बाजूस ठेवू. नियोजनाच्या दृष्टीने तिचा अर्थ असा, की जे शहराच्या पाणीपुरवठा खात्यास निर्दोष काम वाटत होते, ते नदीकाठच्या गावांना आपल्या हक्काचा अपहार वाटत होते; आणि या दोन दृष्टी समोरासमोर आणून तोलण्याचे घटनेने नेमून दिलेले स्थान त्या वेळी निरुपयोगी ठरले होते. मुळशीच्या खोऱ्यात १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली जो सत्याग्रह झाला, त्या वेळी असे कोणतेही स्थान अस्तित्वातच नव्हते. नव्वद वर्षांनंतर ते होते, तरी फरक पडला नाही, हे अधिक खेदजनक आहे.

३

सामाजिक बाजूकडे वळल्यास हीच उणीव दिसते. धरणाखाली गेलेल्या गावांचा प्रश्न आपण 'पुनर्वसन' या एका खात्याचा प्रश्न मानतो. वस्तुतः १९७६ च्या महाराष्ट्राच्या पुनर्वसन कायद्यात एक मूलगामी तत्त्व होते : धरणामुळे ज्यांची जमीन जाते, त्यांना त्याच धरणाच्या लाभक्षेत्रात जमीन द्यावी आणि त्यासाठी लाभधारकांच्या जमिनीचा काही भाग घ्यावा. खोरे आणि लाभक्षेत्र ही एकाच हिशेबाची दोन पाने आहेत, हे या कायद्याने ओळखले होते. त्याची अंमलबजावणी अपुरी राहिली हे खरे. परंतु त्यातील विचार हा पहिल्या अर्थाच्या योजनेचा विचार होता. जिल्हा योजनेने तो आत्मसात केला असता, तर पश्चिमेकडील तालुक्यांतील रस्ते, दवाखाने, शाळा यांच्याकडे 'दुर्गम भागास साहाय्य' म्हणून न पाहता, पाणी देणाऱ्या प्रदेशाचे देणे म्हणून पाहावे लागले असते. जुन्नर, आंबेगाव व खेड या तालुक्यांच्या पश्चिम भागांतील महादेव कोळी समाजालाही हे लागू आहे. त्याच्या उपजीविकेत हिरड्याच्या वेचणीला स्थान आहे. पण वन, आदिवासी विकास व सहकार ही तीन खाती ती तीन निरनिराळ्या नावांनी ओळखतात.

सांस्कृतिक विकास हा तर योजनेतील सर्वांत दुर्लक्षित भाग होय. तो बहुधा तीर्थक्षेत्र विकास, स्मारके व महोत्सव यांपुरता मर्यादित राहतो. संस्कृती ही अर्थव्यवस्थेहून वेगळी वस्तू आहे असे मानल्याचा हा परिणाम आहे. याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. आळंदी व देहू येथे वारकऱ्यांसाठी रस्ते व निवासाच्या सोयी होतात, त्या आवश्यकही आहेत. परंतु ज्या इंद्रायणीत स्नान करण्यासाठी वारकरी येतो, तिच्यात वरच्या बाजूचे नागरी व औद्योगिक सांडपाणी मिसळते आणि तिच्या प्रवाहावर फेस तरंगताना दिसतो. घाटाचे काम एका खात्याचे, सांडपाण्याचे दुसऱ्याचे, कारखान्यांचे तिसऱ्याचे. वारीच्या परंपरेचे रक्षण येथे सांस्कृतिक खात्यापेक्षा सांडपाणी शुद्धीकरणावर अधिक अवलंबून आहे, हे वाक्य विक्षिप्त वाटले तरी खरे आहे. दुसरे उदाहरण नारायणगावचे. दरवर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात, आणि गावोगावचे यात्रा-कमिटीचे लोक येऊन सुपारी देतात. शेतीचा हंगाम, गावजत्रेची वर्गणी आणि कलावंतांची वर्षाची मिळकत यांचा हा संगम आहे. पूर्व भागातील पीक बुडाले तर वर्गणी घटते, वर्गणी घटली तर सुपारी घटते. लोककलेचा अनुदानरूपाने विचार करणाऱ्या योजनेस या साखळीची दखल नसते.

४

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात व त्यांचा विचार करणे न्याय्य होईल. पहिला असा, की नदीचे खोरे व जिल्ह्याची सीमा एक नव्हेत. नीरेचे पाणी सातारा व सोलापूर जिल्ह्यांशी निगडित आहे. पुण्याचे सांडपाणी भीमेतून सोलापूर जिल्ह्यातील उजनीच्या जलाशयात जाते. मुळशीचे पाणी तर वीजनिर्मितीसाठी पश्चिमेस कोकणात उतरते. तेव्हा जिल्ह्याने पाण्याचा विचार करणे अपुरे ठरेल. हा आक्षेप अंशतः मान्य केला पाहिजे. परंतु अपुरा विचार आणि अविचार यांत अंतर आहे. जिल्ह्याच्या आत जी वाटणी होते तिचा ताळेबंद मांडला, तरच शेजारच्या जिल्ह्याशी बोलण्यास आधार मिळेल.

दुसरा आक्षेप साधनांविषयी आहे. पुणे महानगरपालिकेचे २०२४-२५ चे अंदाजपत्रक ११,००० कोटी रुपयांहून अधिक होते. जिल्हा वार्षिक योजना ही त्याच्या एका लहान अंशाएवढी असते. औद्योगिक वसाहती औद्योगिक विकास महामंडळाकडे, महानगराच्या परिसराची आखणी २०१५ साली स्थापन झालेल्या प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. मग अशा दुबळ्या समितीने कोणाचे काय तोलावे ? आक्षेपातील वस्तुस्थिती बिनचूक आहे. निष्कर्ष मात्र उलट निघतो. ज्या समितीजवळ पैसा थोडा, तिने थोड्या पैशाचे आणखी लहान तुकडे करण्यात वर्ष घालविणे हा साधनांचा अपव्यय होय. तिचे खरे सामर्थ्य निधीत नसून घटनेने तिला दिलेल्या कक्षेत आहे : ग्रामीण व नागरी प्रतिनिधी एकत्र बसविणारी ती घटनात्मक संस्था आहे. केरळने १९९६ नंतर राज्य योजनेतील ३५ ते ४० टक्के निधी स्थानिक संस्थांकडे सोपविला, त्यामुळे तेथे नियोजनाच्या चर्चेस वजन आले. महाराष्ट्राने तेवढे करावे असे म्हणणे सोपे आहे. पण निधी येण्यापूर्वीही, जिल्ह्याच्या पाण्याचा वार्षिक ताळेबंद — किती अडविले, कोठे गेले, कोणास मिळाले नाही, व सांडपाणी होऊन किती परत आले — समितीपुढे मांडून त्यावर मत नोंदविण्यास कोणता कायदा आड येतो ? उलट, कायदा तेच सांगतो.

अलीकडे जिल्ह्या-जिल्ह्यांचे विकास आराखडे दीर्घ मुदतीची उद्दिष्टे ठरवून तयार होऊ लागले आहेत. त्यांचे परीक्षण करताना पदव्युत्तर अभ्यासकांनी उद्दिष्टांच्या आकड्यांवर थांबू नये. प्रत्येक आराखड्यास एक साधा प्रश्न विचारावा : यात कोणास 'नाही' म्हटले आहे काय, आणि ते का, हे सांगितले आहे काय ? साधन मर्यादित असता कोणासही नकार न देणारा दस्तऐवज ही योजना नव्हे. ती योजनांची यादी होय. अशा यादीत नकार नसतो असेही नाही. तो असतो, फक्त लिहिलेला नसतो. आणि न लिहिलेला नकार बहुधा कालव्याच्या टेलला, धरणाच्या माथ्याला व नदीच्या खालच्या काठाला सोसावा लागतो. तो लिहून काढणे, त्याची कारणे उघड करणे, हे या विषयातील संशोधनाचे आजचे पहिले काम आहे.