पडद्यावरचा बल्ब, हातातला बल्ब

वर्गात एक प्रश्न विचारून पाहा. एका सेलला दोन सारखे बल्ब एकसर जोडले, तर कोणता जास्त उजळेल? ‘पहिला’ असे म्हणणारी मुले हमखास निघतात. पहिला बल्ब वीज खातो आणि उरलेली दुसऱ्याला मिळते, अशी त्यांची समजूत असते. दृक्-श्राव्य साधन निवडताना पहिली कसोटी हीच लावावी : अशा समजुतीला ते हात घालते का?

नुसती चित्रफीत येथे कमी पडते; मूल अंदाज न बांधताच ती पाहून मोकळे होते. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ साली सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पातील विद्युत परिपथाचा संच मात्र या कसोटीला उतरतो. त्यात मुले स्वतः तारा जोडतात. दुसरा बल्ब जोडताच सगळेच इलेक्ट्रॉन मंदावतात; बल्बांच्या आधी आणि नंतर त्यांचा वेग सारखाच राहतो. धारा वाटेत संपत नाही, हे डोळ्यांना दिसते. खरी तार हे दाखवू शकत नाही. शिवाय संच मोफत आहे.

उणिवाही आहेत. पडद्यावरचा सेल कधी उतरत नाही. तेथे इलेक्ट्रॉन गोट्यांसारखे पळतात. खऱ्या तारेत ते सेकंदाला एक मिलिमीटरही पुढे सरकत नाहीत. शॉर्ट सर्किट केले की सेलवर ज्वाळा दिसतात आणि मुले त्या हौसेने पेटवतात. राहात्याच्या पेरूबागांत मोटारीच्या स्टार्टरजवळ वावरणाऱ्या मुलांना ही गंमत वाटता कामा नये. हे शिक्षकानेच सांगायला हवे.

म्हणून क्रम असा ठेवावा : आधी अंदाज वहीत लिहून घ्यावा, मग खरे सेल-बल्ब द्यावेत, शेवटी पडदा. खऱ्या जोडणीत एखादा बल्ब किंचित जास्त उजळला, तर घाबरू नये. बल्बांची अदलाबदल करावी. उजळपणा बल्बाबरोबर जातो, जागेवर राहत नाही. दोन बल्ब तंतोतंत सारखे नसतात, एवढेच त्याचे कारण. हा धडा पडद्यावर आपोआप मिळत नाही, कारण तेथे मुळात बल्ब तंतोतंत सारखे असतात.

साधन किती देखणे आहे, यापेक्षा ते बंद केल्यावर मुले काय विचारतात, हे पाहावे. मूल्यमापन तेथेच होते.