तव्यातले अंडे आणि मेंदू

१९८७ साली अमेरिकेत ‘पार्टनरशिप फॉर अ ड्रग-फ्री अमेरिका’ची एक जाहिरात गाजली. तापल्या तव्यात अंडे फोडायचे आणि सांगायचे, अमली पदार्थांनी मेंदूचे असे होते! जाहिरात लक्षात राहते खरी, पण विज्ञान म्हणून ती आम्हाला खटकते. कोकेन मेंदू तळत नाही. चेतापेशींनी सोडलेले डोपामीन परत शोषले जाण्याची वाट ते अडवते. दीर्घ सेवनाने, आवर घालणारा कपाळामागचा भाग आणि ओढ निर्माण करणारे खोलवरचे भाग यांच्यातील जोडण्या बदलतात; ‘नको’ म्हणण्याची यंत्रणाच दुबळी होते. तळलेले अंडे पुन्हा कच्चे होत नाही. जोडण्या मात्र व्यसन सुटल्यावर काही अंशी सावरू शकतात. वर्गात धोका सांगताना ही आशा आपण हिरावून घेऊ नये.