‘स्मृतिचित्रे’ आणि निर्णयाची घडी

आमचे कुडवा गाव गोंदिया शहराला लागून आहे आणि नागपूरहून राजनांदगावकडे जाणारी आगगाडी गोंदियावरूनच पुढे जाते. १८९३ च्या सुमारास याच मार्गाने कवी नारायण वामन टिळक राजनांदगावला निघाले होते. डब्यातील एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. त्यातील विनोद आणि निर्मळ सच्चेपणा यांचे कौतुक पुष्कळ झाले आहे. टिळक पतिपत्नींचा पंथ आमच्याहून निराळा असला, तरी आम्ही हा ग्रंथ आमच्यासमोर नित्य येणारा एक प्रश्न मनात धरून वाचतो. देवाची इच्छा आणि आपल्या मनाची ओढ यांतील भेद ओळखावा कसा?

तरुण मुलेमुली आमच्याकडे येतात आणि म्हणतात, “फादर, आतून फार शांत वाटते, म्हणजे ही देवाचीच इच्छा असणार.” विवाह असो, नोकरी असो वा व्रतस्थ जीवन, पुरावा हा एवढाच. पुढे ती शांती ओसरली की देवच दूर गेला, असे त्यांना वाटू लागते. भावना पाप नव्हे. पण तिच्या एकटीच्या साक्षीवर निकाल देता येत नाही.

लक्ष्मीबाईंनी रंगविलेले टिळक उतावळे, तापट आणि तितकेच उदार आहेत. असा मनुष्य केवळ भावनेच्या आहारी जाता, तर डोंगरावरील प्रवचन वाचल्याच्या दुसऱ्या दिवशीच बाप्तिस्मा घेऊन मोकळा झाला असता. त्याऐवजी वाचन, वाद आणि प्रार्थना यांत दोन वर्षे गेली. पत्नी, मुलगा, आप्तस्वकीय यांची माया तर त्यांना मागेच ओढीत होती.

लक्ष्मीबाईंची वाट उलट दिशेची. प्रेमाने त्यांना विरहानंतर पतीच्या घरी परत आणले. बाप्तिस्म्यापर्यंत मात्र एकट्या प्रेमाने नेले नाही. आपले सोवळेओवळे सांभाळीत त्या तेथे राहिल्या. पतीला सुखी करण्यासाठी होकार देणे किती सोपे होते! पण जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच तपासला, तो माणसाचाच ठरविला आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला.

येथे संत इग्नेशियस लोयोला आठवतात. १५२१ मध्ये पाम्प्लोना येथे जखमी होऊन पडले असता त्यांच्या ध्यानात आले की काही विचार आनंद देतात, पण मागे मन कोरडे ठेवतात. काहींचा आनंद मात्र टिकतो. मन खिन्न असताना पूर्वीचा निश्चय बदलू नये, हा नियम त्यांनी घालून दिला. आनंदाच्या भरात घेतलेला संकल्पही पारखून घ्यावा, असे शिकविले. त्यांच्या साधनाग्रंथाला १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिली. ख्रिस्तसभा भावनेला झिडकारीत नाही. तिची परीक्षा करते.

एका ठिकाणी मात्र हा ग्रंथ आम्हांला अस्वस्थ करतो. पत्नी जवळ नसताना टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्या वार्तेने लक्ष्मीबाईंची जी दशा झाली, ती वाचताना डोळे पाणावतात. देवावर भरवसा ठेवणाऱ्याने घरच्यांच्या अश्रूंकडे पाहू नये, असा धडा कोणी येथून घेईल, तर तो आम्हांला मान्य नाही. देवाच्या हाकेने विवाहाचे कर्तव्य रद्द होत नाही. लक्ष्मीबाई ती जखम लपवीत नाहीत आणि पतीला दोषी ठरवून मोकळ्याही होत नाहीत. हेच त्यांच्या लेखणीचे मोठेपण. ग्रंथाची मर्यादाही सांगावी लागेल. टिळकांच्या अंतःकरणात काय चालले होते, ते आपल्याला बहुतांशी पत्नीच्या दृष्टीनेच दिसते.

म्हणून आमच्या कुटुंबांना आमचे एवढेच सांगणे. मोठा निर्णय घेताना तो शुभवर्तमानाशी जुळतो का, हाती असलेले कर्तव्य मोडतो का, आध्यात्मिक मार्गदर्शकापुढे उघड मांडता येतो का, हे पाहावे. मग काही काळ जाऊ द्यावा. गेथसेमनी बागेत प्रभू येशूचे मन दुःखाने व्याकूळ झाले होते. त्याने ते दुःख पित्यापासून लपविले नाही. निर्णय मात्र पित्याच्या इच्छेवर सोपविला. आमच्या घरांतून असे निर्णय होऊ लागले, तर ‘स्मृतिचित्रे’ आम्ही खऱ्या अर्थाने वाचले, असे म्हणता येईल.