सुधाकर दारू सोडतो तेव्हा

राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’विषयी बोलताना आपण नायक सुधाकरची बायको सिंधू हिचा सोशिकपणा आणि दारुड्या तळीरामाचा विनोद यांपाशी रेंगाळतो. मला मात्र नाटकातली सर्वांत कसदार जागा वाटते ती सुधाकर दारू सोडतो तिथली. नागभीड-चिमूरकडे दिवाळीनंतर मंडई भरते, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची नाटकं पहाटेपर्यंत चालतात. त्या प्रेक्षकांतल्या कितीतरी बायांनी हा सुधाकर घरात पाहिलेला असतो.

आधी पहिल्या प्याल्याची बांधणी पाहावी. सुधाकर हुशार वकील, पण भारी मानी. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, सनद काही काळ जाते, आणि नेमक्या त्या घटकेला तळीराम पेला पुढे करतो. संगत नुसतं दार उघडते. आत ढकलतो तो दुखावलेला मान. किती बारीक नजर!

उत्तरार्धात सुधाकर शपथ घेतो, आणि ती मनापासूनची असते. काम मागायला तो प्रतिष्ठितांकडे जातो. त्यांना समोरचा माणूस दिसत नाही, कालचा दारुडाच दिसतो. हेटाळणी होते आणि जुनी जखम त्याच जागी पुन्हा उघडते. शपथ मोडते ती चवीच्या मोहाने नव्हे, लाजेने. पहिला प्याला आणि हा प्याला एकाच घावातून आलेले. नाटककाराने ते कुठेही बोलून दाखवलेलं नाही, नुसते दोन प्रसंग समोरासमोर ठेवले आहेत. या संयमाला दाद द्यावी तेवढी थोडी.

मग मित्र रामलालपुढे सुधाकर व्यसनाच्या अवस्था उलगडतो: सुरुवातीला सोडता येते तेव्हा सोडावीशी वाटत नाही, शेवटी सोडावीशी वाटते तेव्हा सोडवत नाही. वकिलाची बुद्धी शाबूत आहे, ती आता स्वतःविरुद्धच खटला चालवते. दारू सोडू पाहणाऱ्यांची अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना 1935 साली सुरू झाली. पहिला प्याला टाळा, हे तिचं सूत्र गडकऱ्यांच्या शीर्षकात 1919 सालीच दडलेलं आहे. त्याच वर्षी 23 जानेवारीला ते आपल्या विदर्भात, सावनेरला वारले. महिनाभराने बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीने केलेला पहिला प्रयोग त्यांना पाहता आला नाही.

झाडीपट्टीत हा प्रश्न आजचाही आहे. तिथल्या गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरच्या बंदीसाठी 2010 साली बाया चिमूरहून नागपूरपर्यंत पायी गेल्या. 2015 साली ती आली, 2021 साली उठली. दुकान उघडं असो वा बंद, सोडलेल्याला कामावर कोण घेतं, हा सुधाकरचा प्रश्न उरतोच. म्हणून झाडीत हे नाटक बसवणाऱ्यांना एक विनंती: वेळ वाचवायला काहीही छाटा, पण काम मागायला गेलेल्या सुधाकरचा प्रवेश छाटू नका, आणि तो सावकाश करा.