पिकअप बदलताना आपण नक्की काय बदलतो?

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आम्हाला दोन प्रकारचे निरोप आले. पहिला असा : "कुठला पिकअप घ्यायचा ते सांगून टाका, बाकी राहू द्या." दुसरा असा : "समीक्षेच्या मालिकेत हा सुट्या भागांचा विषय कशाला?" दोघांनाही एकच उत्तर देतो. पिकअप निवडणं हा ऐकण्याबद्दलचा निर्णय आहे, आणि तो बहुतेक वेळा वाचून घेतला जातो. कॅटलॉगमधले चार शब्द आणि एक आकडा वाचून. त्या शब्दांची आणि त्या आकड्याची समीक्षा कुणीतरी करायला हवी ना? ती आज करू.

आधी यात पणाला काय लागतं ते सांगतो. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी पहिली इलेक्ट्रिक गिटार घेते. वर्षभराने वाटू लागतं, रेकॉर्डवर ऐकतो तसा आवाज येत नाही. पैसे साठतात, गिटारच्या निम्म्या किमतीचा पिकअप येतो, बसतो. पंधरा दिवस आनंद. मग पुन्हा तेच. पण आता पिकअपला दोष देता येत नाही, तो तर नावाजलेला. मग दोष आपल्या हातात असणार! आम्ही अशा वळणावर गिटार कपाटावर टाकलेली मुलं पाहिली आहेत. म्हणून हा विषय आम्हाला किरकोळ वाटत नाही.

आता पिकअप म्हणजे काय, ते थोडक्यात. एक चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तार इतकी बारीक की ४२ गेजच्या तारेचा व्यास साधारण ०.०६३ मिलिमीटर भरतो, केसाएवढा. वर पोलादी तार हलते, चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांमध्ये वीज निर्माण होते. फॅरडेने १८३१मध्ये दाखवलं तेच हे प्रवर्तन. पिकअप हवेतला आवाज ऐकत नाही, तारेची हालचाल ऐकतो, आणि तीसुद्धा तारेच्या एकाच जागेवरची.

ही जागा फार महत्त्वाची आहे, बरं का. स्ट्रॅटोकास्टरचा मानेजवळचा पिकअप मोकळ्या तारेच्या जवळपास एक चतुर्थांश लांबीवर बसतो. तिथे चौथ्या स्वरांशाची गाठ पडते, म्हणजे त्या स्वरांशापुरती तार तिथे हलतच नाही. मग पिकअपला तो ऐकू येणार कसा? ब्रिजजवळच्या पिकअपला तो ऐकू येतो. एकच पिकअप दोन जागी बसवला तर दोन वेगळे आवाज देईल. आणि जागा दुकानात विकत मिळत नाही. ती गिटार बनवणाऱ्याने आधीच ठरवून टाकलेली असते.

आता शब्दांकडे येऊ. ऊबदार, मलईदार, मोकळा, आक्रमक, व्हिंटेज. हे शब्द वाईट आहेत असं आम्ही म्हणत नाही. नादाबद्दल बोलायला उपमा लागतातच. पण आपल्याकडे नादाच्या पोताबद्दल बोलायची जुनी सवय आहे, ती आठवून बघा. तंबोऱ्याची जवारी खुली आहे की बंद, असं आपण म्हणतो, तेव्हा त्या शब्दाच्या मागे घोडीचा पृष्ठभाग असतो, तारेखालचा दोरा असतो. मिरजेच्या कारागिराला "जवारी जरा खुली करा" म्हटलं तर कुठे घासायचं ते त्याला कळतं. शब्द आणि काम जोडलेले आहेत. 'मलईदार' म्हटल्यावर कुणी काय करायचं? वेढे वाढवायचे, की चुंबक बदलायचा, की केबल? शब्द सांगत नाही. तो फक्त हवंहवंसं वाटायला लावतो. आमची मुख्य तक्रार ही आहे.

दोन उदाहरणं घेऊ.

पहिलं गिब्सनचं हंबकर. सेथ लव्हर नावाच्या अभियंत्याने १९५०च्या दशकाच्या मध्यावर ते तयार केलं. प्रश्न साधा होता : एका गुंडाळीचा पिकअप आजूबाजूच्या विजेची घरघर उचलतो. अमेरिकेत ती ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५०ची. लव्हरने दोन गुंडाळ्या शेजारी ठेवल्या. वेढ्यांची दिशा उलटी आणि चुंबकाचे ध्रुवही उलटे. बाहेरून येणारी घरघर दोन्ही गुंडाळ्यांत विरुद्ध येऊन एकमेकींना खाते, तारेचा संकेत मात्र एकमेकांत मिळतो. पेटंटचा अर्ज १९५५चा, गिटारवर पिकअप आला १९५७मध्ये, पेटंट मंजूर झालं १९५९मध्ये. दरम्यान पिकअपखाली एक चिठ्ठी चिकटवलेली असे, 'पेटंट अप्लाइड फॉर'. त्याची आद्याक्षरं पीएएफ.

गंमत पाहा. 'अर्ज केला आहे' ही कचेरीतली नोंद. आज ते एका नादाचं नाव झालंय! पुढे चिठ्ठीवर पेटंटचा क्रमांक छापला, तोही या पिकअपचा नव्हता, लेस पॉल यांच्या टेलपीसच्या पेटंटचा होता. (हशा) आणि ज्याच्या हुबेहूब प्रती विकल्या जातात तो मूळ पिकअप स्वतःच एकसारखा नव्हता. वेढे कमीजास्त, चुंबक वेगवेगळ्या प्रतींचे, रोध सात ते नऊ किलोओहमच्या आसपास कुठेही. मग हुबेहूब म्हणजे नक्की कशासारखं?

पीएएफ चांगला नाही, असं आम्हाला म्हणायचं नाही. तो उत्तम आहे, आणि का उत्तम ते सांगता येतं. वेढे माफक, त्यामुळे वरचे स्वरांश फार मरत नाहीत. मेण न भरलेला, त्यामुळे थोडा सजीव, आणि आवाज फार चढवला की शीळ घालणारा. गुण आणि दोष एकाच कारणातून आलेले. १९६६मध्ये जॉन मेयॉलच्या ब्लूज ब्रेकर्सबरोबर एरिक क्लॅप्टनने जी गिटार वाजवली, तिच्या आवाजात पीएएफ आहेच. पण स्टुडिओत मोठ्याने वाजणारा मार्शल अ‍ॅम्प्लिफायरही आहे, त्याचे स्पीकर आहेत, आणि त्या माणसाची बोटं आहेत. श्रेय एकट्या चिठ्ठीला देऊन कसं चालेल?

दुसरं उदाहरण डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन. १९७२चा. असलेल्या गिटारमध्ये बदलून बसवायला म्हणून बाजारात आलेल्या पिकअपमध्ये हा आद्य मानला जातो. सिरॅमिक चुंबक, भरपूर वेढे, रोध तेरा-चौदा किलोओहम. त्या काळचे मोठे व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर फार जोरात वाजवल्याशिवाय फाटत नसत. मार्शलचे मास्टर व्हॉल्यूमवाले मॉडेल १९७५चे. त्याआधी अ‍ॅम्प्लिफायरच्या पहिल्याच पायरीला जोराचा धक्का द्यायचा तर पिकअपच दांडगा हवा. म्हणजे हा पिकअप एका खऱ्या अडचणीचं खरं उत्तर होता. आम्ही त्याला मनापासून दाद देतो.

पण आज ती अडचण कुणाला आहे? साध्या सराव-अ‍ॅम्पमध्ये, मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्येसुद्धा गेन गरजेच्या चौपट मिळतो. तरी 'हाय आउटपुट' हा शब्द अजून गुण म्हणून छापला जातो. अडचण संपली, उत्तर विकणं चालू आहे. आणि उत्तराची किंमत तर मोजावी लागतेच, ती कशी ते सांगतो.

वेढे वाढले की पिकअपचं इंडक्टन्स वाढतं. ते आणि केबलची धारिता मिळून एक अनुनादाचं शिखर तयार होतं. शिखराच्या खालचं ऐकू येतं, वरचं झपाट्याने कापलं जातं. ढोबळ हिशेब करू. स्ट्रॅटोकास्टरसारख्या पिकअपचं इंडक्टन्स २.४ हेन्री धरा, केबल ५०० पिकोफॅरड, म्हणजे साधारण पाच मीटर. शिखर येतं ४६०० हर्ट्झच्या आसपास. पीएएफ पद्धतीचा, ४.४ हेन्री : ३४०० हर्ट्झ. खूप वेढ्यांचा, ८ हेन्री : २५००. आवाज मोठा झाला आणि वरचा उजेड गेला. जोर वाढवून आपण स्पष्टता दिली.

आता तोच २.४ हेन्रीचा पिकअप दहा मीटरच्या केबलला जोडा. धारिता दुप्पट, शिखर ३२५० हर्ट्झवर. म्हणजे नुसती केबल बदलून तुम्ही एका गुंडाळीच्या पिकअपचं शिखर हंबकरच्याही खाली नेऊ शकता! त्यात २५०ऐवजी ५०० किलोओहमचा पॉट लावला तर शिखर जास्त टोकदार होतं. या दोन गोष्टी लॅमिंग्टन रोडवर किती किमतीला मिळतात ते तुम्हाला माहीत आहे.

आणि तो आकडा, किलोओहमचा. कॅटलॉगमध्ये तो ताकदीचं माप असल्यासारखा छापतात. पण रोध तारेच्या जाडीवरही अवलंबून असतो. तेवढेच वेढे ४२ऐवजी ४४ गेजच्या तारेने घेतले तर रोध साधारण दीडपट होतो, ताकद दीडपट होत नाही. शिवाय तांब्याचा रोध उष्णतेने वाढतो, अंशाला जवळजवळ ०.४ टक्के. २० अंशांना ८ किलोओहम दाखवणारा पिकअप मे महिन्यात नागपुरात ४२ अंशांना ८.७ दाखवेल. उन्हाळ्यात तो जास्त आक्रमक होतो का? (हशा) एकाच कंपनीच्या, एकाच तारेच्या दोन पिकअपांची तुलना करायला हा आकडा उपयोगी आहे. त्यापलीकडे नाही.

आमचीही एक कबुली देऊन टाकतो. आम्ही काही मित्रांनी एकदा घरी पाठ फिरवून ऐकायचं ठरवलं. एक जण वाजवणार, बाकीच्यांनी ओळखायचं. एका गुंडाळीचा की हंबकर, हे सगळ्यांनी ओळखलं. ब्रिजजवळचा की मानेजवळचा, तेही. मग पीएएफच्या तीन महागड्या प्रती, आवाजाची पातळी सारखी करून. तिथे आमचे अंदाज म्हणजे छापा-काटा. आमच्यातल्या एकाने त्यातल्याच एका प्रतीवर वर्षभर पैसे साठवले होते, आणि दुसऱ्यांदा वाजवल्यावर तिलाच त्याने नापास केलं. तो बराच वेळ गप्प होता. आम्हीही हसलो नाही, कारण त्याच्या जागी आम्ही कुणीही असू शकलो असतो. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे. पण त्या रात्रीपासून आम्ही शब्द जपून वापरतो.

मग निवड करायची कशी? आमचं मत असं. आधी फुकटचं करून बघा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअप आणि तार यांत साधारण दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवा, मग स्क्रूने वरखाली करत ऐका. फार जवळ आणलात तर चुंबक तारेला ओढतो, जाड तारा बेसुऱ्या भासतात. मग तारा, केबल, पॉट. एवढं करूनही तक्रार उरली तर ती अंगाच्या शब्दांत सांगा : घरघर येते, शीळ बसते, खालचे स्वर गढूळ होतात, वरचे कानाला टोचतात. घरघर असेल तर हंबकर किंवा घरघर न उचलणारा एकेरी आकाराचा पिकअप. शीळ असेल तर मेण भरलेला. गढूळ असेल तर कमी वेढ्यांचा. टोचत असेल तर जास्त वेढ्यांचा, किंवा टोन नॉब थोडा फिरवा, तो त्यासाठीच दिलाय! आणि ज्याला तक्रारच सांगता येत नाही, त्याने अजून महिनाभर ऐकावं.

शेवटी एक प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून ताई विचारताहेत, "स्वस्त गिटारमध्ये चांगला पिकअप घालणं वेडेपणा आहे का?"

नाही ताई, मुळीच नाही. पिकअप पुढच्या गिटारमध्येही नेता येतो. फक्त नट, ब्रिज आणि ट्यूनिंगच्या खुंट्या आधी ठीक करून घ्या, कारण बेसूर तार कुठलाही पिकअप बेसूरच ऐकतो. आणि काढलेला जुना पिकअप फेकू नका. सहा महिन्यांनी तो परत लावून ऐका. तेव्हा कळेल की फरक पिकअपने केला होता, की मधल्या काळात तुमचा हात तयार झाला होता. दुसरं निघालं तर वाईट वाटून घेऊ नका. त्यासारखी आनंदाची गोष्ट नाही.

थांबतो.