खिचडी, खिचडा आणि न लिहिलेले ताट

मागच्या हिवाळ्यात मी शिकवते त्या उर्दू शाळेत बालआनंद मेळावा झाला. मुलांनी घरून पदार्थ करून आणायचे, पाच-दहा रुपयांना विकायचे आणि संध्याकाळी जमाखर्च वहीत मांडून दाखवायचा, असा हा उपक्रम. मुलांना गणितही येते आणि गंमतही होते. आमच्या मुलांनी काय आणले होते? चिकन बिर्याणीची तीन दुकाने, मंचुरियनची दोन, एक शोरमा (त्याला 'शवर्मा' म्हणायचे की 'शोरमा' यावर सातवीच्या दोघांचे भांडण), गुलाबजाम, आणि निळ्या-हिरव्या रंगाचे थंड पेय. पाहुणे म्हणून आलेले गृहस्थ खूश झाले. भाषणात म्हणाले, आज मुस्लिम खाद्यसंस्कृतीचे सुंदर दर्शन घडले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

टाळ्या चालू असताना मला टेबलाखाली एक डबा दिसला. सहावीतल्या एका मुलीचा. तिने आपल्या जेवणासाठी ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी आणली होती आणि ती कुणाला दिसू नये म्हणून कापडात गुंडाळून ठेवली होती. "ये दुकान का नहीं है मॅडम," ती घाईने म्हणाली. राळेगावात पाच-सहा पिढ्या राहिलेल्या मुसलमान घरातले रोजचे जेवण मुस्लिम खाद्यसंस्कृतीच्या दर्शनात लपवावे लागते, ही गोष्ट तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही. मी भाषेची शिक्षिका आहे. मुलीला लाज कुठून आली याचा शोध मी माझ्या सवयीप्रमाणे पुस्तकांतच घेतला. हा लेख त्या शोधाबद्दल आहे.

उर्दूपासून सुरुवात करते, कारण आमच्या डोक्यातली खानदानी दस्तरख्वानाची कल्पना तिथून येते. अब्दुल हलीम शरर यांची 'गुजिश्ता लखनऊ' ही लेखमाला १९१३ नंतर त्यांच्या 'दिलगुदाज' मासिकातून आली. तिचे मूळ लांबलचक नावच सांगते की लेखकाला लखनौ हा हिंदुस्थानातील पौर्वात्य संस्कृतीचा शेवटचा नमुना वाटत होता. आज ज्याला आपण आशियाई संस्कृतीचा गौरव म्हणतो, तो शररने शंभर वर्षांपूर्वी केला आणि त्यात स्वयंपाकघराला मोठी जागा दिली. गद्य इतके रसाळ की वाचताना भूक लागते. त्यात एका खिचडीचे वर्णन आहे. बदाम तांदळाच्या आकारात कापायचे, पिस्ते डाळीच्या आकारात कापायचे आणि त्यांची खिचडी करायची. डाळिंबाच्या दाण्यासारखा अर्धा लाल अर्धा पांढरा दिसणारा पुलावही आहे. कारागिरी थक्क करणारी, यात शंका नाही. पण ही खिचडी आपण खिचडी असल्याचे विसरलेली आहे. जिचे सगळे मोठेपण गरिबाच्या पोटात बसण्यात, तिच्यात तांदळाचा दाणा नाही आणि डाळीचाही नाही. शररला त्यात संस्कृतीचा कळस दिसतो. मला त्यात तिचा थकवा दिसतो. तरीही राळेगावचा उर्दू शिक्षक 'तहजीब' शिकवताना याच ताटाकडे बोट दाखवतो. मीही दाखवले आहे.

शररच्या मागे गेले की हवा मोकळी होते. चौदाव्या शतकात इब्न बतूता हिंदुस्थानात आला. मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून तुपाबरोबर सकाळी खातात, हे त्याने कौतुकाने नोंदवले. अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'आईन-ए-अकबरी'त शाही मुदपाकखान्यातील पदार्थांचे वजनासह तपशील दिले. खिचडीसाठी तांदूळ, डाळ आणि तूप प्रत्येकी पाच शेर, मीठ एक तृतीयांश शेर. डाळीइतकेच तूप! (आमच्या शालेय पोषण आहाराच्या खिचडीत तेलाचा चमचा मोजताना मला हे वाक्य आठवते आणि हसू येते.) पण अबुल फजलची शिस्त मला आवडते. तो पदार्थाची स्तुती करत नाही, वजन लिहितो. त्याच 'आईन'मध्ये वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची यादी आहे आणि तीत कळंबचे नाव आहे. हे आपले कळंब, राळेगावच्या शेजारचे, चिंतामणीचे. म्हणजे ज्या ग्रंथात खिचडीचे माप आहे त्याच ग्रंथात आमचा मुलूखही आहे. फक्त मुलूख महसुलाच्या पानावर आहे आणि जेवण बादशहाच्या. कळंबच्या रयतेने काय शिजवले हे लिहिणे त्याच्या कामात बसत नव्हते.

आता मराठी. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० साली आली. माझ्याकडे तिची जुनी प्रत आहे, एका निवृत्त मराठी बाईंनी दिलेली, हळदीच्या बोटांचे ठसे असलेली. या पुस्तकाचा मोठा गुण म्हणजे वाटी-चमच्याचे माप. 'अंदाजाने' या शब्दाची दहशत त्यांनी संपवली आणि नव्याने संसाराला लागलेल्या मुलींना धीर दिला. पाकशास्त्र असे लिहावे की वाचून प्रत्यक्ष करता यावे, ही साधी गोष्ट मराठीत इतक्या स्वच्छ कुणी केली नव्हती, असे माझे मत आहे. कमलाबाई त्यांच्या ओळखीच्या घरातून लिहीत होत्या, यात त्यांचा काहीच दोष नाही. घोटाळा वाचणाऱ्यांनी केला. एका प्रकारच्या घराचे जेवण म्हणजे 'महाराष्ट्रीय' जेवण असे ठरून गेले. मग उरलेल्यांसाठी मासिकांच्या पुरवण्यांत वेगवेगळी शीर्षके आली. आमच्या वाट्याला आले 'मोगलाई'. काजूची पेस्ट, साय, केशर. राळेगावच्या कोणत्या मुसलमानाच्या घरी मंगळवारी काजूची पेस्ट वाटतात, हे मला अजून कळलेले नाही.

गंमत अशी की ज्या घराला शुद्ध मराठी म्हणतात त्याच्या ताटात आशिया आधीच येऊन बसलेला आहे. सत्यनारायणाच्या प्रसादाला शिरा लागतो आणि शिरा हा शब्द फारसी 'शीरा'तून आलेला, म्हणजे गोड पाक. मुरांबा अरबी 'मुरब्बा'तून. बर्फीत फारसी बर्फ आहे. चहा तर चीनमधून निघून अर्धे जग फिरून आपल्या टपरीवर उभा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील प. कृ. गोडे यांनी १९४३ साली जिलबीच्या इतिहासावर लिहिले. रघुनाथाच्या 'भोजनकुतूहल' या सतराव्या शतकातील संस्कृत ग्रंथातली कृती त्यांनी पुढे आणली आणि शब्दाचा धागा अरबी 'जलाबिया'पर्यंत नेला. संस्कृत पंडिताने इतक्या निर्मळ मनाने जिलबीचे माहेर परदेशात शोधावे, याचे मला अप्रूप वाटते. मात्र गोड्यांच्या पद्धतीला एक मर्यादा आहे. ग्रंथातून ग्रंथात जाणारी जिलबीच त्यांना दिसते. कढईसमोर बसून ती तळणारा माणूस ग्रंथात नसतो, म्हणून तो त्यांच्या लेखातही नाही.

तो माणूस मला मराठीत भेटला शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म'मध्ये. हे पुस्तक २०१५ साली आले, २०२४ मध्ये भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवादही निघाला. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजाच्या जेवणाचे हे पुस्तक. मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या म्हणजे चान्या, रक्त, आतडी, रानातल्या भाज्या, तूप-दुधाचा अभाव, सगळे नावानिशी. रचना विस्कळीत आहे. कृती सांगता सांगता लेखक आठवणीत शिरतो, आठवणीतून वादात जातो. पण त्याला कुणाच्या पंगतीत जागा मागायची नाही, म्हणून तो पदार्थ सजवत नाही. 'आमचे पण किती छान' असा सूर लागला असता तर पुस्तक तिथेच मेले असते. त्याचे खरे काम हे की उपाशीपणाही जेवणाच्या इतिहासाचा भाग आहे हे त्याने कागदावर आणले.

आणि त्याच २०१५ साली, विधिमंडळाने १९९५ मध्ये मंजूर केलेल्या प्राणी संरक्षण कायद्याच्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती मिळाली. गोवंशहत्येची बंदी बैल आणि वळूपर्यंत वाढली. यावर राजकीय बाजूने खूप लिहिले गेले. स्वयंपाकघराच्या बाजूने काय झाले हे आपल्यापैकी कुणी लिहिले? बकऱ्याचे मटण ज्याला परवडत नाही अशा घरात रस्सा कसा पातळ झाला, ब्रॉयलर कोंबडी कशी घुसली, कुणाचा धंदा बसला आणि दालच्यात हाडाऐवजी नुसता दुधी कसा राहिला, ही कादंबरीची सामग्री आहे. पाटोळ्यांचे पुस्तक हातात असताना आपले हात रिकामे आहेत.

म्हणून माझी खरी तक्रार घरच्यांशीच आहे. सोलापुरात १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्याला आता तीन दशकांहून अधिक काळ झाला. तलाक, दंगल, संशय, नोकरी, यांवर आपल्या लेखकांनी धीटपणे लिहिले. पण कथेत जेवण आले की ईद येते आणि ईद आली की शीरखुर्मा येतो. हिंदू मित्र घरी आला की बिर्याणीचे पातेले उघडते, वाफ येते, एकोपा होतो, कथा संपते. अशा कथा मी बऱ्याच वाचल्या आहेत, एक लिहिलीही आहे. ती छापून आली नाही हे बरेच झाले. या कथांत शीरखुर्मा हे ओळखपत्र असते. पाहुण्याला दाखवायचे आणि परत खिशात ठेवायचे. वर्षाचे उरलेले ३६३ दिवस ती माणसे काय खातात?

मी सांगते काय खातात. तूर, ज्वारी, जवसाची चटणी, पावसाळ्यात तरोटा. मोहरमला आमच्या घरी खिचडा होतो. हा खिचडा हलीमचा भाऊ आणि दोघेही अरबी 'हरीसा'च्या घराण्यातले. गहू आणि मांस घोटून केलेला हा पदार्थ बगदादच्या १२२६ सालच्या पाकग्रंथात आहे. हैदराबादी हलीमला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याची पाकिटे दूरवर जाऊ लागली. आमची दादी मात्र गव्हाबरोबर मूठभर ज्वारी टाकायची आणि डाळींत तूर जास्त. 'गहू महाग होता तेव्हापासून' एवढेच ती सांगायची. बगदादचा पदार्थ वऱ्हाडात येऊन कापसाच्या रानातली तूर आणि ज्वारी पोटात घेतो, ही माझ्या मते बदामाच्या खिचडीपेक्षा मोठी कारागिरी आहे. कोणत्याच पुस्तकात ती नाही. दर्ग्यावरची कंदुरीही तशीच. कुणी तिला बिदअत म्हणो, तो वाद वेगळा. पण मूळ फारसीत कंदुरी म्हणजे जेवणाचे अंथरण आणि आज तो नवस हिंदू घरेही बोलतात.

काही वर्षांपूर्वी आमचे एक नातेवाईक उमरा करून आले. खजूर, जमजम आणि एका पाकिटात वाळलेली लाल बोंडे. याचे सरबत करतात, म्हणाले, 'कर्कदे', तिकडे मोठे नाव आहे. पाकीट हातोहात फिरले. दादीने एक बोंड चावून पाहिले. "ये तो अपना अंबाडा है रे बाबा!" लाल अंबाडीच होती ती. आमच्या धुऱ्यावर उगवते, वऱ्हाडात तिच्या बोंडांचे सरबत होते. पण परदेशी पाकीट शोकेसमध्ये राहिले आणि घरची अंबाडी टेबलाखाली गेली.

मंचुरियन-शोरम्यावर माझा राग नाही, हे स्पष्ट केलेले बरे. मंचुरियन चीनने पाठवलेले नाही. त्याचे श्रेय १९७५ च्या सुमारास मुंबईत ते करणाऱ्या नेल्सन वाँग यांना दिले जाते. शोरम्याच्या मुळाशी 'फिरवणे' या अर्थाचा तुर्की शब्द आहे आणि तो खरेच फिरत फिरत आमच्या बसस्टँडजवळच्या गाडीवर आला. जिलबी अशीच आली होती. मुले खातात, खावीत. पन्नास वर्षांनी कुणी अभ्यासक त्याचाही धागा शोधील. त्या वेळी निदान गाडीवाल्याबद्दल चार ओळी लिहिलेल्या असाव्यात.

मेळावा झाल्यावर मी त्या मुलीला तिच्या अम्मीची अंबाडीची भाजी उर्दूत लिहून आणायला सांगितली. 'रुचिरा'सारखे वाटीचे माप आणि अबुल फजलसारखी शिस्त, असे काही मी तिला समजावले नाही. नुसते म्हटले, जे टाकतात ते सगळे लिही. तिने आणले. अंबाडी, तुरीची डाळ, लसूण, लाल मिरची, जवसाचे तेल आणि ज्वारीच्या कण्या. पण उर्दू लिपीत ण नाही. (ळही नाही. आमचे गाव आम्ही 'रालेगाव' लिहितो.) तिने साधा नून वापरला. त्यामुळे वहीत आता असे वाचले जाते की पाण्याला उकळी आली की त्यात दोन मुठी 'कन्या' सोडाव्यात. वर्गात मोठ्याने वाचले तेव्हा ती स्वतःच सर्वांत जास्त हसली. तो शब्द तिला मी शेजारी देवनागरीत लिहायला लावला. दुसरी कृती खिचड्याची आहे. ती आणायला तिने पुढच्या सोमवारची मुदत मागितली आहे, कारण नानी पांढरकवड्याला राहते आणि माप तिलाच विचारावे लागेल.