रॉजर मूरचे सात बाँड आणि एक सफारी

जेम्स बाँडचा विषय निघाला की आपल्या मंडळींत लगेच दोन तट पडतात. एक तट शॉन कॉनरीचा, दुसरा डॅनियल क्रेगचा. रॉजर मूरचं नाव कोणी घेतलंच तर बाकीचे हसतात. "तो? तो तर नुसता कपडे घालून उभा राहायचा!" मूरवर होणारी टीका बहुतेक या एका वाक्यात संपते. मला मात्र वाटतं की या वाक्यात जी टीका म्हणून सांगितली जाते, तीच नीट पाहण्यासारखी गोष्ट आहे. त्याने नेमके कोणते कपडे घातले, कधी घातले, आणि बारा वर्षांत ते का बदलत गेले? हे पाहिलं की त्याचे सातही चित्रपट वेगळे दिसू लागतात. शिवाय आम्हा बहरीनकरांना तर त्यात आपलंही थोडंफार सापडतं.

आधी हिशोब मांडू. 'लिव्ह अँड लेट डाय' (१९७३), 'द मॅन विथ द गोल्डन गन' (१९७४), 'द स्पाय हू लव्ह्ड मी' (१९७७), 'मूनरेकर' (१९७९), 'फॉर युवर आईज ओन्ली' (१९८१), 'ऑक्टोपसी' (१९८३) आणि 'अ व्ह्यू टु अ किल' (१९८५). मूरचा जन्म १४ ऑक्टोबर १९२७ चा. म्हणजे पहिल्या बाँडपटाच्या वेळी तो ४५ वर्षांचा होता आणि शेवटच्या वेळी ५७ चा. गंमत अशी की ज्या कॉनरीच्या जागी तो आला, तो कॉनरी त्याच्याहून जवळजवळ तीन वर्षांनी लहान! वारसदार मूळ मालकापेक्षा वयाने मोठा, अशी ही उलटी गंगा.

मूरचं कपड्यांशी नातं बाँडच्याही आधीचं. उमेदवारीच्या काळात विणलेल्या स्वेटरांचा मॉडेल म्हणून त्याने पोट भरलं होतं. पुढे 'द सेंट' या मालिकेमुळे तो घराघरांत पोहोचला आणि 'द पर्स्वेडर्स' या मालिकेत तर आपल्या पात्राच्या कपड्यांची रचना त्याने स्वतःच केली. श्रेयनामावलीत तसं नावही आहे. कॉनरीची गोष्ट याच्या बरोबर उलट. एडिंबरोच्या कामगार वस्तीतल्या या रांगड्या पोराला दिग्दर्शक टेरेन्स यंग आपल्या शिंप्याकडे, अँथनी सिंक्लेअरकडे घेऊन गेला आणि त्याला सूट वागवायला शिकवलं. थोडक्यात, कॉनरीला बाँडने कपडे दिले आणि मूरने बाँडला आपले कपडे दिले. या दोघांतला फरक समजून घ्यायला मला एवढं पुरेसं वाटतं.

'लिव्ह अँड लेट डाय'मध्ये निर्मात्यांनी ठरवून कॉनरीच्या खुणा पुसल्या. या चित्रपटात मूर डिनर जॅकेट घालत नाही, ओठांत सिगारेटऐवजी चिरूट असतो. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये तो सायरिल कॅसल या लंडनच्या शिंप्याने शिवलेला गडद लांब कोट आणि हातमोजे घालून फिरतो, आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाला तो परका आहे हे दुरूनच कळतं. गुप्तहेराने खरं तर गर्दीत मिसळून जायला हवं. पण मूरचा बाँड कधीच मिसळत नाही आणि चित्रपटालाही ते ठाऊक आहे. त्यातून विनोद होतो, थोडी भीतीही वाटते. परक्या शहरात पहिल्या दिवशी भारी कपडे घालून निघालेला माणूस कसा उठून दिसतो, हे आपल्याला कोणी वेगळं सांगायला नको.

पुढच्या वर्षी 'द मॅन विथ द गोल्डन गन'मध्ये थायलंड आणि हाँगकाँगच्या दमट हवेत आली ती सफारी.

मंडळी, इथे जरा थांबू या. सफारी हा शब्द आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतून इंग्रजीत गेला, पण त्याचं मूळ अरबी. 'सफर' म्हणजे प्रवास. मराठीत आपण सफर करतो तो हाच शब्द, आणि बहरीनमध्ये पासपोर्टला अरबीत 'जवाझ सफर' म्हणतात त्यातलाही हाच. म्हणजे सफारी हा शब्दार्थाने प्रवाशाचा पोशाख. इंग्रज साहेब तो शिकारीला घालत. मूरच्या काळात तो फॅशन झाला आणि भारतात आल्यावर त्याची विजार जॅकेटच्याच कापडाची झाली. अख्खी सत्तरी-ऐंशी आपल्याकडे सफारी सुटाची होती. बँकेतले साहेब, साखर कारखान्याचे संचालक, कॉलेजचे प्राचार्य, मुलाच्या लग्नात उभे असलेले वरपिता, सगळे सफारीत. टाय नको, इस्त्रीचा फार त्रास नको, पेनाला खिसा आहे, उन्हात चालतं आणि साहेबासारखं दिसतं. त्या काळात आखातात आलेल्या मंडळींचे जुने अल्बम काढून बघा. बाब अल बहरीनसमोर उभ्या असलेल्या तरुण काकांच्या अंगावर निम्म्या वेळा तरी सफारी सापडेल.

पाश्चात्य समीक्षक मूरच्या सफारी जॅकेटांची आजही टिंगल करतात. रुंद कॉलर, मोठाले खिसे, पट्टा! मला ही टिंगल अर्धवट वाटते. उष्ण देशात काम करणाऱ्या माणसाने लोकरीचा सूट घालून घामाघूम होण्यापेक्षा सफारी घालणं हे शहाणपणाचं आहे. मूर त्यात अवघडलेला दिसत नाही, हे त्याचं यश. दोष काढायचाच तर तो वेगळा काढता येईल. सफारी हा शिकारी साहेबाचा पोशाख, आणि मूरच्या चित्रपटांत आशिया हे पुष्कळदा साहेबाने गंमत म्हणून हिंडायचं ठिकाण असतं. कापड सुटसुटीत असलं तरी त्यामागची नजर जुनीच आहे. काळानेही सफारीवर सूड उगवला आहे. आज भारतात सफारी सूट दिसतो तो प्रामुख्याने पुढाऱ्यांच्या अंगरक्षकांच्या अंगावर. नायकाचा पोशाख नायकाच्या मागे उभा राहणाऱ्याकडे गेला.

'द स्पाय हू लव्ह्ड मी' हा मूरचा सर्वांत रुबाबदार चित्रपट. कपडे रोमच्या अँजेलोकडचे. कोटाचे पन्हे रुंद, पँट खाली घंटेसारखी पसरलेली. सुरुवातीला पिवळ्या पोशाखात बर्फावरून घसरत तो कड्यावरून झेप घेतो आणि ब्रिटिश झेंड्याचं पॅराशूट उघडतं. नंतर इजिप्तमध्ये तो अरबी पेहरावात, उंटावर बसून, केंब्रिजच्या जुन्या मित्राला भेटायला वाळवंटात जातो. इथे राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रसंग पाहताना हसू येतं. आपण रोज पांढरा थोब घातलेला माणूस बँकेत, जवाझातच्या रांगेत, मुलाच्या शाळेबाहेर पाहतो. उन्हाळ्यात पांढरा आणि थंडीत जाड कापडाचा गडद रंगाचा, ही त्याची साधी व्यवहारी रीत आपल्याला माहीत असते. चित्रपटाला मात्र तो पेहराव म्हणजे वेषांतर वाटतं, नाटकातल्या पेटीतून काढलेलं. याच चित्रपटात पुढे मूर डिनर सूट घालून भर वाळवंटात पायपीट करतो आणि तो प्रसंग जास्त खरा वाटतो. कारण तिथे वाळवंट साहेबाच्या सुटाला हसतं आहे.

त्याच्या मनगटावर तेव्हा होतं सीको. १९७७ ते १९८५ या काळात मूरच्या बाँडने सीकोची घड्याळं वापरली. पहिल्याच घड्याळातून संदेशाची छापील पट्टी बाहेर यायची! आखातातून गावी जाताना टेपरेकॉर्डर आणि अत्तराच्या बाटल्यांबरोबर मेहुण्यासाठी सीको नेण्याचा तो काळ. आपल्या घड्याळातून पट्टी निघत नसे, पण गावात मान तेवढाच मिळे.

'मूनरेकर'मध्ये सगळं उधळलं. पाँचो घालून घोड्यावर, पिवळ्या पोशाखात थेट अंतराळात. त्यात रिओला उतरणारं काँकॉर्ड मात्र आपल्या ओळखीचं. ब्रिटिश एअरवेजच्या काँकॉर्डची पहिली प्रवासी फेरी २१ जानेवारी १९७६ ला लंडनहून निघाली ती आपल्या बहरीनलाच आली होती. असो. चित्रपट म्हणून 'मूनरेकर'बद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही. कपडे बदलण्याचा वेग कथेपेक्षा जास्त आहे.

खरी कलाटणी १९८१ मध्ये 'फॉर युवर आईज ओन्ली'त आली. शिंपी बदलला, लंडनचा डग्लस हेवर्ड आला. पन्हे अरुंद झाले, घंटा गेली, रंग शांत झाले. मूर तेव्हा ५३ चा होता. चित्रपट सुरू होतो तो बाँड आपल्या मृत बायकोच्या कबरीवर फुलं ठेवतो तिथून. साधे कपडे, हातात फुलं, एकही विनोद नाही. ती बायको १९६९ च्या चित्रपटातली, म्हणजे दुसऱ्याच नटाच्या बाँडची. पण त्या शांत कपड्यांत उभ्या असलेल्या मूरकडे पाहून हा विधुर आहे यावर विश्वास बसतो. घंटेच्या पँटमध्ये तो बसला नसता. 'नुसता कपडे घालून उभा राहायचा' म्हणणाऱ्यांना मी हा प्रसंग दाखवते. उभं राहणं हाही अभिनयच आहे, आणि कधी कोणत्या कपड्यांत उभं राहायचं हे कळणं हा त्याचा निम्मा भाग.

'ऑक्टोपसी' आपल्या घरचा. उदयपूरचा लेक पॅलेस, सज्जनगड, कबीर बेदीचा फेटेवाला गोबिंदा, विजय अमृतराज आणि त्याची रिक्षा. आगीवरून चालणारे, तलवारी गिळणारे असा सगळा बाजार मांडलेला. भारतीय प्रेक्षकाला ते खटकतं आणि खटकायलाच हवं. मूरच्या अंगावर उदयपूरच्या संध्याकाळी हस्तिदंती डिनर जॅकेट शोभतं, यात वाद नाही. पण या चित्रपटातला, किंबहुना सातही चित्रपटांतला, सर्वांत चांगला पोशाख वेगळाच आहे. विदूषकाचा.

सुरुवातीला दुसरा एक ब्रिटिश हेर, ००९, विदूषकाच्या वेषात पूर्व बर्लिनमध्ये मरतो. शेवटी जर्मनीतल्या अमेरिकन तळावर सर्कस चालू असते, खाली अणुबाँब दडवलेला असतो आणि बाँडला आत शिरायला तोच वेष घ्यावा लागतो. रंगवलेला चेहरा, लाल नाक. तो जीव तोडून सांगतो आहे की इथे बाँब आहे, आणि लोक हसतात. दहा वर्षं ज्या माणसाचा शब्द सुटामुळे खरा मानला गेला, त्याचा शब्द सूट उतरल्यावर कोणी ऐकत नाही. मिनिटाभरात एवढी रंगरंगोटी कशी झाली, ही शंका रास्त आहे. पण मूरच्या डोळ्यांतली ती कासाविशी खोटी नाही.

हा प्रसंग मला इतका भिडतो याचं कारण सांगते. परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव थोडा ना थोडा आलेला असतो. ऑफिसच्या गळपट्ट्यात आपण 'सर' असतो. तेच आपण घरच्या चपला घालून कुठल्याशा काउंटरवर उभे राहिलो की समोरचा आपलं बोलणं पूर्ण ऐकूनही घेत नाही. माणूस तोच, कागद तोच. गावाला गेल्यावर उलटी गंमत. तिथे नव्या बुटांवरून आपल्या पगाराचा अंदाज बांधला जातो आणि आपण दमलो आहोत हे कोणाला दिसत नाही. आपले कपडे आपल्याआधी बोलतात, एवढंच हा प्रसंग सांगतो.

'अ व्ह्यू टु अ किल' मात्र पाहवत नाही. अ‍ॅस्कॉटच्या शर्यतीला मूर उंच हॅट घालून येतो तेव्हा छान दिसतो, कारण तो पोशाख त्याच्या वयाचा आहे. पण पुढे धावणं, चढणं, मारामाऱ्या, आणि त्यांत दूरच्या दृश्यांतला बदली माणूस ओळखू येतो. हेवर्डचं शिवण अजूनही उत्तम आहे. फक्त शिंपी कमरेचा घेर लपवू शकतो, वर्षं लपवू शकत नाही. या भूमिकेसाठी आपलं वय झालं होतं, हे मूरने पुढे स्वतःच हसत हसत कबूल केलं.

आपल्याकडे याची चांगली तोड आहे. महेश कोठारेंनी 'झपाटलेला'त (१९९३) उभा केलेला महेश जाधव वीस वर्षांनी 'झपाटलेला २' मध्ये (२०१३) परत आला, पण तरुणपणाचा भार तेव्हा आदिनाथच्या खांद्यावर होता. पात्राला वाढू दिलं. बाँडपटांना १९८५ मध्ये हे सुचलं नाही. त्यांनी पात्राचं वय थांबवून ठेवलं आणि नटाला पळायला लावलं.

आखातात आपल्यालाही हा प्रश्न सुटलेला नाही. इथली आपली भूमिका नोकरीवर आणि तिच्याबरोबर येणाऱ्या राहण्याच्या परवान्यावर उभी. 'अजून दोन वर्षं' म्हणत किती जण थांबतात, केस रंगवतात, नव्या मुलांच्या बरोबरीने पळतात. त्यांना मी हसणार नाही. मुलांची शिक्षणं, गावाकडचं घर, सगळं त्या दोन वर्षांवर टेकलेलं असतं. पण मूरने बाँड सोडला आणि तो काही घरी बसला नाही. १९९१ मध्ये तो युनिसेफचा सदिच्छादूत झाला आणि मुलांसाठी जगभर फिरला. २३ मे २०१७ ला तो गेला तेव्हा अनेकांनी आधी आठवला तो मुलांसाठी फिरणारा वयस्कर माणूस, आणि मग बाँड.

सुट्टीत सातही चित्रपट पाहायला वेळ नसेल तर तीनच पाहा. रुबाबासाठी १९७७ चा, त्या कबरीसाठी १९८१ चा, विदूषकासाठी १९८३ चा. मुलं घंटेच्या पँटला हसतील. हसू द्यात. मग हळूच त्यांना आजोबांचा सफारीतला फोटो दाखवा आणि तो प्रवास कुठून कुठे झाला ते सांगा.